घरच्या हळद-मसाल्याच्या धंद्यासाठी वेबसाइट करायचीय, ७ हजारवाला घ्यावा की ६५ हजारवाला?

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसले, कारण ह्याच बाबतीत आम्ही एकदा चांगलेच पोळलोय. तुम्ही लिहिलंय की तुम्ही दोघी जावा मिळून सांगलीत घरच्या हळदीची पावडर, मसाले, चटण्या करता, पुण्या-मुंबईकडनं ऑर्डरी यायला लागल्यात म्हणून आता वेबसाइट हवीय, ओळखीतला एक मुलगा ७ हजारात सगळं करून देतो म्हणतो आणि एक कंपनी ६५ हजार सांगते, तर काम कोणाला द्यावं. पैशांचं मी नंतर सांगते. त्याआधी दोघांनाही एक प्रश्न विचारा, की डोमेन, म्हणजे साइटचं इंटरनेटवरचं नाव-पत्ता, कोणाच्या नावावर घेणार? "आमच्याच अकाउंटवरून घेतो, तुम्ही टेन्शन घेऊ नका" असं उत्तर आलं तर तो कितीही स्वस्त असू दे नाहीतर कितीही भारी असू दे, तिथंच थांबा.

आमची गुहागर तालुक्यात हापूसची बाग आहे. दलालाकडे न जाता थेट गिऱ्हाइकाला पेट्या पाठवायला लागलो आणि २०१७ मध्ये पहिली साइट करून घेतली. करणारा ओळखीतलाच, स्वभावाने चांगला, काम पण वेळेत दिलं, मी पैसे दिले, पावती घेतली, विषय संपला. त्याने डोमेन दोन वर्षांसाठी घेतलं होतं, स्वतःच्या अकाउंटवर, स्वतःच्या ईमेलवर, आणि ह्याचा काही फरक पडतो हे आम्हाला माहीतच नव्हतं. २०१९ च्या एप्रिलमध्ये, ऐन सीझनला, पेट्या भरायचं काम चालू असताना डोंबिवलीच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंचा फोन आला, "अहो तुमची साइट उघडत नाहीये, भलत्याच जाहिराती दिसतायत." मुदत संपून आठवडा झाला होता. रिन्यूअलचे मेल त्याला जात होते, आम्हाला नाही. त्याने धंदा बंद करून नोकरी धरलेली, नंबर बदललेला, तो ईमेल तो बहुतेक बघतही नसणार. मी डोमेनवाल्या कंपनीला फोन केला, पैसे भरल्याची पावती पाठवते म्हटलं, त्यांनी शांतपणे सांगितलं की मॅडम, खातं ज्यांच्या नावावर आहे त्यांच्याच ईमेलवरून विनंती यायला हवी. आणि त्यांचं चूक नव्हतं हो. शेत कोणी का कसत असेना, सातबाऱ्यावर नाव कोणाचं ते बघतात, तसंच आहे हे.

डॉट कॉमचं असं असतं की मुदत संपली की काही दिवस नेहमीच्या भावात भरता येतं, मग रिडेम्प्शन म्हणून ३० दिवस असतात, त्यात जबर दंड भरून सोडवता येतं, आणि तेही गेलं की नाव सगळ्यांना मोकळं. पण हे सगळं खातेदाराने करायचं. आम्ही त्याला शोधत राहिलो आणि जूनमध्ये नाव सुटलं, दुसऱ्याच कोणीतरी उचललं. १२०० पुठ्ठ्याच्या बॉक्सांवर जुना पत्ता छापून आलेला होता. घरातले सगळे रात्री जेवणं झाली की पडवीत बसून त्यावर फोन नंबरची पट्टी चिकटवायचो. सासूबाईंनी पण चिकटवल्या, त्यांचे हात डिंकाने भरलेले अजून डोळ्यासमोर आहेत माझ्या.

म्हणून सांगते, डोमेन स्वतः घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. धंद्यासाठी एक वेगळं जीमेल उघडा, त्याला तुमचा स्वतःचा मोबाइल जोडा म्हणजे ओटीपी तुमच्याकडेच येईल, आणि त्या ईमेलने डोमेन विकणाऱ्या कुठल्याही नीट कंपनीत खातं काढा. डॉट कॉमला वर्षाला हजाराच्या आसपास पडतात, डॉट इनला बहुतेक थोडे कमी. पहिलं वर्ष ९९ रुपये वगैरे दिसलं तर दुसऱ्या वर्षाचा भाव आधी वाचा, खरा भाव तो. एकदम जास्तीत जास्त १० वर्षांचं भरता येतं. डिझायनरला पासवर्ड द्यायची पण गरज नसते, साइट कुठे ठेवलीय ते दाखवणाऱ्या दोन-तीन ओळी तिथं बदलायच्या असतात, तो सांगेल तशा तुम्ही स्वतः भरा. आणि नाव ठरवताना एक गोष्ट, हळदवाल्यांना तर हे सांगायलाच हवं, 'ळ' असलेला शब्द शक्यतो घेऊ नका. इंग्रजीत ळ ला अक्षरच नाही, कोणी एक एल टाकतो, कोणी दोन, शेवटी ए आहे की नाही त्याचा घोळ वेगळा. फोनवर एकदा सांगितलं की समोरच्याने बरोबर टाइप करावं असं नाव हवं. देवनागरीत डॉट भारत नावं पण २०१४ पासून मिळतात, मराठीसाठी चालतात, हौस म्हणून जरूर घ्या आणि ते नाव मुख्य साइटकडे वळवून ठेवा, पण पॅकेटवर छापायला मी इंग्रजी अक्षरांतलंच घेईन.

आता माणूस कसा निवडायचा. दुसऱ्या वेळी आम्ही चार जणांशी बोललो. एकाने पहिल्याच भेटीत लॅपटॉपवर तयार डिझाइन दाखवलं, आंब्यांचे फोटो फिरतायत, पानं पडतायत, छान होतं दिसायला. एकाने सांगितलं गूगलवर पहिल्या नंबरला आणतो, गॅरंटी. अशी गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही, हे गूगल स्वतःच आपल्या माहितीत लिहून ठेवतं, त्यामुळे तुमची ती ६५ हजारवाली कंपनी असं काही म्हणत असेल तर तेवढ्यावरनंच ओळखा. तिसऱ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं रेटकार्ड टाकलं. चौथी रत्नागिरीची एक मुलगी, एकटीच काम करते. ती म्हणाली मला आधी तुमच्याकडे येऊन बसायचंय, दर नंतर सांगते.

ती आली ती आमच्या पॅकिंगच्या शेडमध्ये एका उलट्या क्रेटवर बसली, वही काढली, आणि दोन तास काहीच बोलली नाही. फोन वाजला की मी स्पीकरवर ठेवायचा एवढंच सांगितलेलं. नऊ फोन आले तेवढ्यात. ती प्रत्येक गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न जसाच्या तसा लिहून घेत होती. "आंबा तयार येतो की कच्चा?" "पिकायला किती दिवस लागतील, आमच्याकडे रविवारी पाहुणे आहेत." "साका निघाला तर पैसे परत देता का?" (साका म्हणजे बाहेरनं चांगल्या दिसणाऱ्या फळाचा आतला गर खराब निघणं.) नवातल्या सात जणांनी ह्या तीनपैकीच काहीतरी विचारलं. मग तिने वही माझ्यासमोर धरली आणि म्हणाली, काकू, तुमच्या जुन्या साइटवर ह्यातल्या एकाचं तरी उत्तर होतं का? नव्हतं. तिथं होतं 'आमच्याविषयी', 'आमचे ध्येय', आणि सूर्यास्ताचा एक फोटो. आत्ताच्या साइटवर उघडल्या उघडल्या ती तीन उत्तरं आहेत, गवतात ठेवलेल्या कच्च्या आंब्याचा पहिल्या दिवशीचा, चौथ्या दिवशीचा, सातव्या दिवशीचा असे तीन फोटो आहेत, आणि साका निघालेल्या फळाचा कापलेला फोटो सुद्धा आहे, असा निघाला तर आम्हाला फोटो पाठवा, त्या फळाचे पैसे परत. मिस्टर म्हणत होते खराब फळाचा फोटो कशाला लावायचा, ती ठाम होती. त्या फोटोमुळे विश्वास बसला असं गिऱ्हाइकांनी आम्हाला स्वतःहून सांगितलंय.

तर तुमच्याकडे येणारा माणूस तुम्हाला काय विचारतो ते बघा. हळद सेलम आहे की राजापुरी, घरच्या शेतातली की बाजारातनं घेतलेली, कांडप कुठे करता, चटणी किती दिवस टिकते, गिऱ्हाईक तक्रार कसली करतं, महिन्याला किती पार्सलं जातात, कुरियर कोण उचलतं. हे न विचारता जो "रंग कुठला हवा" इथनं सुरुवात करतो तो वाईट माणूस असेल असं नाही, पण तो तुम्हाला कोणाचीही साइट देईल, वर फक्त नाव तुमचं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागातलाच माल अशी भौगोलिक ओळख सांगणारा टॅग, मिळालाय, त्याच वर्षी कोकणातल्या हापूसला पण मिळाला, तर त्याचाही विषय निघायला हवा. तो टॅग नुसता सांगलीत राहतो म्हणून लावता येत नाही, अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. आम्ही केलीय, तुम्ही केली नसेल तर साइटच्या आधी ते बघा, आणि एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थांच्या परवान्याचा, १४ आकडी नंबर साइटवर टाका, लोक बघतात.

त्याने आधी केलेल्या साइटी मागा, पण त्याच्या लॅपटॉपवर बघू नका. घरी येऊन वायफाय बंद करून, साध्या फोनवर, मोबाइल डेटावर उघडा. तुमचं गिऱ्हाईक लोकलमध्ये उभं राहून उघडणार आहे. पाच-सहा सेकंदात मजकूर दिसला नाही तर ते परत व्हॉट्सअ‍ॅपवर जातं. बहुतेक वेळा दोष फोटोंचा असतो, आपण मोबाइलवरनं काढलेला फोटो ४-५ एमबीचा असतो आणि तो तसाच चढवलेला असतो, तोच नीट बारीक करून २०० केबीच्या आत बसतो आणि डोळ्याला फरक कळत नाही. गूगलचं पेजस्पीड इनसाइट्स म्हणून फुकट पान आहे, तिथं त्या साइटचा पत्ता टाकला की मोबाइलसाठीचे मार्क दिसतात. मग त्या साइटींच्या मालकांना फोन करा, हे मात्र टाळू नका, लाजू नका, धंदेवाला धंदेवाल्याला खरं सांगतो. काम बोललेल्या वेळेत झालं का, आता काही अडलं तर हा माणूस फोन उचलतो का, आणि पासवर्ड तुमच्याकडे आहेत का. तिसऱ्या प्रश्नावर समोरचा गप्प झाला की समजायचं.

मराठीचं वेगळं सांगते कारण ह्यात आमचे खूप दिवस गेले आणि बाहेर हे कोणी सांगत नाही. पहिल्या साइटचा मजकूर मी आमच्या छापखान्यातनं आणला, पत्रक छापलं होतं त्याचीच फाइल. ती जुन्या डीटीपीच्या फॉण्टमधली. ते फॉण्ट असे असतात की आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, त्यावर फक्त मराठीचे आकार बसवलेले, त्यामुळे तो फॉण्ट नसलेल्या फोनवर सगळा कचरा दिसतो. त्या मुलाने काय केलं, त्या मजकुराचे फोटो करून चिकटवले. दिसायला मराठी दिसत होतं, पण गूगलला त्यातलं अक्षर वाचता येईना, कॉपी होईना, मोठं केलं की फुटायचं, आणि भाव बदलला की नवीन फोटो करायला त्याच्या मागे लागायचं. दोन वर्षं आमच्या साइटवर गूगलला वाचता येईल असं मराठी जवळजवळ नव्हतंच. तेव्हा मजकूर युनिकोडमध्येच हवा, म्हणजे आत खरी मराठी अक्षरंच साठवलेली, हे पहिल्या दिवशी सांगा, आणि जुन्या फायली असतील तर परत टाइप करून घ्या, मोबाइलवर बोलून टाइप केलं तरी चालतं. तपासायचं सोपं आहे, साइटवरच्या मराठी ओळीवर बोट दाबून धरा, कॉपी झाली आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्ये जशीच्या तशी पेस्ट झाली तर बरोबर. दुसरं, इंग्रजी साइटी करणाऱ्यांना अक्षरांमध्ये अंतर सोडायची सवय असते, ते मराठीला लावलं की शिरोरेषा तुटते, 'हापूस' ची तीन अक्षरं तीन वेगळ्या घरात राहिल्यासारखी दिसतात. मराठी पद्धतीचा ल आणि श पण काही फॉण्टमध्ये पान मराठीचं आहे असं कोडमध्ये लिहिलं तरच येतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. मुक्ता, बालू असे चांगले देवनागरी फॉण्ट फुकट मिळतात, मुंबईतल्याच लोकांनी केलेत. डिझायनरला 'दुसऱ्याच्या', 'कुऱ्हाड', 'हृदय', 'उत्कृष्ट' असे चार शब्द साइटच्या फॉण्टमध्ये टाकून दाखव म्हणा, कुठे तुटतंय का लगेच कळेल.

आता पैसे. ७ हजारात होत नाही असं नाही. तयार टेम्प्लेटवर चार पानं, फोटो, फोन नंबर, व्हॉट्सअ‍ॅपचं बटण, एवढंच हवं असेल तर ७ हजारात नीट होऊ शकतं. फक्त विचारा की होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, कुठलं, वर्षाला किती, तुमच्या नावावर का, आणि थीम, म्हणजे साइटचं तयार डिझाइन, विकत घेतलेली आहे की क्रॅक केलेली, म्हणजे पैसे न भरता चोरून वापरलेली. क्रॅक थीममध्ये बऱ्याचदा व्हायरस असतो, दोन महिन्यांनी साइटवर जुगाराच्या लिंका दिसायला लागतात. ६५ हजारवाल्यांना विचारा की त्यात जीएसटी धरलाय का. नसेल तर १८ टक्क्यांनी ते ७६,७०० होतात, आणि तुमची स्वतःची जीएसटी नोंदणी नसेल तर ते परत मिळत नाहीत. आणि त्यात नक्की काय काय आहे ते ओळीओळीने मागा. एसएसएल, म्हणजे साइट सुरक्षित उघडण्यासाठी लागतं ते, त्यासाठी कोणी वेगळे ३-४ हजार लावले तर विचारा कशाचे, बहुतेक होस्टिंगवर ते फुकट मिळतं. आमच्या दुसऱ्या साइटला ३८ हजार लागले, त्यात ऑनलाइन पेमेंट, पिनकोड टाकला की पोचवतो का ते सांगणं, आणि मराठी-इंग्रजी दोन्ही. फोटो आम्ही स्वतः काढले. पेमेंट गेटवेवाले, म्हणजे गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे आपल्यापर्यंत पोचवणारे, दर ऑर्डरमागे साधारण २ टक्के आणि वर त्यावर जीएसटी घेतात, तो भावात धरा, आणि त्यांना साइटवर अटी, प्रायव्हसी, परतावा, डिलिव्हरी, संपर्क अशी पानं लागतात, त्याशिवाय खातं चालू करत नाहीत. ही पानं दुसऱ्याची कॉपी करून टाकू नका, आमच्या जुन्या साइटवर परताव्याच्या पानात कपड्यांचे साइज बदलून मिळतील असं लिहिलेलं होतं आणि ते मी दीड वर्षाने वाचलं.

खरं सांगायचं तर महिन्याला वीस-पंचवीसच पार्सलं असतील आणि तीही ओळखीतली, तर आधी गूगल बिझनेस प्रोफाइल आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा कॅटलॉग करा, दोन्ही फुकट आहे. आम्हाला साइट लागलीच कारण अमेरिकेतली मुलं पुण्यात राहणाऱ्या आई-बाबांना पेटी पाठवतात, त्यांना रात्री दोन वाजता फोन न करता तिकडचं कार्ड वापरून ऑर्डर द्यायची असते. तुमच्याकडे तसं गिऱ्हाईक आहे का बघा, असेल तर गेटवेमध्ये परदेशी कार्ड चालतं ना ते आधीच विचारून घ्या, ते वेगळं चालू करावं लागतं.

काम ठरलं की एक कागद करा, साधा, मराठीत चालेल, दोघांच्या सह्या. किती पानं, कोणत्या तारखेपर्यंत, मजकूर आणि फोटो कोण देणार, किती वेळा बदल करून मिळणार, पुढे वर्षभर काय बघणार आणि त्याचे किती. आम्ही ३० टक्के आधी, ४० टक्के टेस्ट लिंकवर साइट दिसल्यावर, ३० टक्के सगळं ताब्यात आल्यावर असं दिलं. त्या कागदात एक ओळ नक्की घाला, की पूर्ण पैसे दिल्यावर डिझाइन आणि कोडचे कॉपीराइट आमचे. आपल्याला वाटतं पैसे दिले म्हणजे आपलं झालं, पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे बाहेरच्या माणसाने केलेल्या कामाचा पहिला मालक सहसा तोच असतो, आणि हक्क द्यायचे तर ते लेखी आणि त्याच्या सहीनेच द्यावे लागतात. त्यात मुदत लिहिली नाही तर ५ वर्षंच धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून 'कायमस्वरूपी आणि जगभरासाठी' हे शब्द घाला. आमच्या मुलीने, म्हणजे त्या रत्नागिरीच्या, स्वतःच ही ओळ सुचवली होती.

शेवटचे पैसे द्यायच्या दिवशी तिला शेजारी बसवून होस्टिंगचं लॉगिन, साइटच्या अ‍ॅडमिनचं लॉगिन, पेमेंटचं, गूगल सर्च कन्सोलचं (गूगलवर साइट कशी दिसते ते तिथं कळतं), सगळं माझ्या फोनवरनं उघडून बघितलं, पासवर्ड मी बदलले, पूर्ण साइटचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेतला, आणि तिच्यासमोर मी स्वतः एका पेटीचा भाव बदलला आणि परत पहिल्यासारखा केला. हे शेवटचं तुम्ही जरूर करा, दोघींनी करा. भाव बदलता आला नाही तर साइट अजून तुमच्या ताब्यात आलेली नाही, उरलेले पैसे तोवर हातात ठेवा.

आणि वेळेचं बघा. तुमच्याकडे नवी हळद जानेवारी-फेब्रुवारीपासून यायला लागते ना, मग त्याच महिन्यात नवीन साइट चालू करू नका, तुम्हाला बघायला वेळच मिळणार नाही. दिवाळी उरकली की काम सुरू करा, मजकूर आणि फोटो तुमच्याकडनंच उशिरा जातात हे धरून दोन महिने ठेवा, आणि चालू केल्यावर पहिल्या दहा ऑर्डरी ओळखीच्या लोकांना साइटवरूनच द्यायला सांगा, काय अडतंय ते फोनवर ऐका. डोमेन मात्र आजच घेऊन ठेवा, डिझायनर ठरायची वाट बघू नका. आमचं नवीन डोमेन मी पाच वर्षांचं एकदम भरलंय, आणि मुदतीची तारीख स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहिलेली असते, दरवर्षी नवीन आलं की आधी ती उतरवते.